सागाचं पान आणि केसाळकर सरांची झोप

मुलांनो, जंगल म्हटलं की तुम्हाला आधी वाघ आठवतो. मी सांगतोय त्या जंगलातही एक वाघ होता. पण तो तिथल्या विद्यापीठाचा कुलपती होता, म्हणजे कुणाला दिसत नसे. वर्षातून एकदा तो पदवीदानाला येई, आणि त्या दिवशी विद्यार्थी येत नसत.

या विद्यापीठात भौतिकशास्त्राचे दोन विभाग होते. प्रयोग करणारे प्राणी नदीकाठी राहत. त्यांचे पाय कायम ओले असत. सिद्धांत मांडणारे प्राणी टेकडीवर राहत. त्यांचे पंजे खडूने माखलेले असत. दोन्हीकडचे प्राणी एकमेकांना नमस्कार करत, पण लांबून.

आपली गोष्ट टेकडीवरची आहे.

टेकडीवर एक जुना बेहडा होता. त्याच्याखाली एक काळा, सपाट कातळ उभा होता. दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता तिथे सेमिनार भरे. सेमिनार म्हणजे काय, ते सांगतो. एका प्राण्याने कातळावर खडूने लिहीत तासभर बोलायचं आणि बाकीच्यांनी मान हलवायची. मग सगळ्यांनी गवती चहा प्यायचा, जांभळं खायची आणि घरी जायचं. जांभळांचा हंगाम नसला की मान हलवायला थोडे कमी प्राणी येत.

सेमिनारला पहिल्या रांगेत, बुंध्याला टेकून, केसाळकर सर बसत. केसाळकर सर म्हणजे अस्वल. विभागात सगळ्यांत ज्येष्ठ. अस्वलांना लांबचं नीट दिसत नाही, म्हणून पहिली रांग. आणि दुपारच्या जेवणात ते मोहाची फुलं खात, म्हणून बुंधा.

वक्त्याचं दुसरं वाक्य संपायच्या आत सर झोपी जात. घोरत नसत. नुसतं पोट संथपणे वरखाली होई. तासाभराने टाळ्या वाजल्या की ते डोळे उघडत, कातळाकडे बघत आणि विचारत,

"आणि टोकाला काय होतं?"

एवढंच. गेली बावीस वर्षं ते एवढंच विचारत होते.

पण मुलांनो, सिद्धांतांचं असं असतं की ते मध्यावर छान चालतात आणि टोकाला गेले की घोटाळा होतो. त्यामुळे सरांचा प्रश्न प्रत्येक वेळी बरोबर वर्मावर बसे. वक्ता गोरामोरा होई. म्हणे, "सर, हा प्रश्न फार खोल आहे. त्यावर काम चालू आहे." मग सगळे एकमेकांकडे बघत. झोपेतसुद्धा सरांनी नेमकी दुखरी जागा पकडली, असं म्हणत चहाकडे जात.

हळूहळू विभागात पद्धतच पडून गेली. ज्या व्याख्यानाला सर झोपले आणि मग प्रश्न विचारला, ते व्याख्यान खोल. दुसरं माप लावायची कुणाला गरज वाटली नव्हती, कारण सर जागे राहिले असं एकदाही झालं नव्हतं.

याच विभागात शलाका नावाची एक साळिंदर होती. ती सहा वर्षं हंगामी होती. हंगामी म्हणजे ती शिकवी सगळ्यांइतकंच, पण दर आषाढात तिचं बीळ रिकामं करून घेत आणि श्रावणात तेच बीळ परत देत.

शलाका पडणाऱ्या पानांवर काम करत होती.

लहानपणापासून तिला एकच नवल वाटे. दगड सरळ खाली पडतो. पान तसं पडत नाही. ते डावीकडे जातं, थबकतं, उजवीकडे येतं, कधी गिरकी घेतं. तिच्या घरची मंडळी पलीकडच्या डोंगरावर कंदमुळं उकरत. ती उकरताना वर बघत बसे. भाऊ म्हणत, "खाली बघ, कंद खाली असतात." पण तिने वरच बघितलं, आणि सहा वर्षं गणित करून करून शेवटी पानाचा आकार, वजन आणि फांदीची उंची यांवरून ते कसं हेलकावत येईल आणि साधारण कुठे टेकेल, हे सांगणारं एक छोटंसं सूत्र तिला सापडलं. ते एका ओळीत मावत होतं.

त्या वर्षी विभागात एक कायम जागा निघाली. ती एका घोरपडीची जागा होती. घोरपड जागेला कशी धरून बसते हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे अशी जागा पुन्हा कधी निघेल याचा नेम नव्हता. शलाकाने अर्ज केला. रीत अशी होती, की उमेदवाराने आधी सेमिनार द्यायचा आणि मग निवड समितीने बसायचं.

"जागा नाही मिळाली तर?" तिने बकुलला विचारलं. बकुल म्हणजे तिचा मित्र, एक बगळा. तीन वर्षांपूर्वी तो याच विभागात कायम झाला होता.

"तर डोंगरावर जाशील. कंद चांगले असतात की तिकडचे."

"कंदांचं नाही रे. तिकडे पानाबद्दल बोलायला कुणी नाही."

बकुलने दुसरा पाय खाली टेकवला आणि पहिला वर घेतला. तो विचारात पडला की असं करी.

माघातल्या एका शुक्रवारी शलाका कातळासमोर उभी राहिली. घाबरली की तिचे काटे उभे राहून सळसळत, म्हणून पहिली रांग जरा मागे सरकली. केसाळकर सर मात्र बुंध्याला टेकले होते, ते हलले नाहीत.

"दगड सरळ पडतो," शलाका म्हणाली. "पान सरळ का पडत नाही?"

सर झोपायला निघाले होते. त्यांचा एक डोळा मिटलाही होता. तो उघडला.

शलाकाने कातळावर एक पान काढलं. पानाखालची हवा कशी बाजूला सरते, ती कुठून निसटते, ती निसटली की पान दुसरीकडे कसं कलतं, हे तिने खडूच्या चार रेघांत दाखवलं. मग ते एका ओळीचं सूत्र लिहिलं. मग जमिनीवर वितीएवढं एक वर्तुळ काढलं आणि बकुलला खूण केली. बकुल सागाचं एक वाळलेलं पान चोचीत धरून वरच्या फांदीवर गेला. वारा पडला होता.

"हे पान तीनदा डावीकडे जाईल, दोनदा उजवीकडे येईल आणि या वर्तुळात पडेल," ती म्हणाली.

बकुलने पान सोडलं. पान डावीकडे गेलं. उजवीकडे आलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि अलगद वर्तुळात टेकलं.

केसाळकर सर बुंधा सोडून ताठ बसले होते.

"पुन्हा टाका," ते म्हणाले.

बकुलने दुसरं पान टाकलं. तेही वर्तुळात पडलं.

"पुन्हा."

तिसरंही पडलं.

मग टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्यावर सगळ्यांनी सवयीने सरांकडे पाहिलं. सर जमिनीवरच्या तीन पानांकडे बघत होते. ते बघतच राहिले. प्रश्न आलाच नाही.

विभागप्रमुख गवारे सर, म्हणजे गवा, दोनदा खाकरले. मग म्हणाले, "चहा तयार आहे."

चहाला एक माळढोक दुसऱ्या माळढोकाला म्हणाला, "मला तर सगळं समजलं हो."

"मलाही," दुसरा म्हणाला. आणि दोघांनी वाईट वाटून शलाकाकडे पाहिलं.

निवड समिती सोमवारी बसली. तिच्यात तीन जण होते. गवारे सर, केसाळकर सर आणि बाहेरची तज्ज्ञ म्हणून नदीपलीकडच्या विद्यापीठातून आलेली एक मगर. मगर बैठकीत कधीच बोलत नसे. तिचं तोंड उघडं असे, त्यामुळे ती आता बोलेल असं वाटत राही आणि इतर सगळे जपून बोलत.

"केसाळकर सर, आपलं मत?" गवारे सरांनी विचारलं.

"मला सगळं समजलं," केसाळकर सर म्हणाले.

"सगळं?"

"सगळं. अगदी सुरुवातीपासून."

गवारे सरांनी पेन खाली ठेवलं. मगरीने हळूच डोळे मिटले.

केसाळकर सरांना अजून बरंच बोलायचं होतं. शुक्रवारपासून त्यांना धड झोप लागत नव्हती, जाता-येता ते झाडांकडे बघत होते, कितीतरी वर्षांनी त्यांना तरुण असल्यासारखं वाटत होतं, असं सगळं. पण बावीस वर्षं एकच वाक्य बोलल्यावर दुसरं वाक्य पटकन सापडत नाही. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तेवढ्यात गवारे सर म्हणाले, "आलं लक्षात, सर. आपण फार सौम्य शब्दांत सांगितलंत." आणि त्यांनी वहीत लिहिलं, 'विषयात खोली नाही. योग्य उमेदवार मिळाला नाही. जागा पुढील वर्षी पुन्हा जाहीर करावी.'

शलाकाला हंगामी म्हणून आणखी एक वर्ष मिळालं. तिने दोन दिवस काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी बकुल तिच्या बिळाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

"कुठे चुकलं ते मला सांग," शलाका आतून म्हणाली. "पान वर्तुळात पडलं की नाही?"

"तिन्ही पडली. तेच चुकलं." बकुल म्हणाला. "तू फार स्वच्छ बोललीस. सगळ्यांना समजलं. आता जे आपल्याला समजलं ते अवघड असेल, असं कोण मानेल?"

"मग तू काय केलं होतंस?"

"मी अकराव्या दिशेवर बोललो होतो."

"दिशा दहाच असतात, बकुल."

"हो. म्हणून कुणी मध्ये बोललं नाही."

शलाका बिळातून बाहेर आली. "खरं सांग. अकरावी दिशा आहे का?"

बकुलने पाय बदलला. "गणितात आहे. बाहेर आहे का, ते मी रोज सकाळी थोडा वेळ शोधतो. मग वर्गाची वेळ होते." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मला वाईट नाही वाटत. पण तुझं पान पडलं ना, तेव्हा मला तुझा हेवा वाटला."

वर्षभर दोघांनी मिळून त्या सूत्रावर काम केलं. म्हणजे ते लपवायचं काम केलं. सूत्र एका ओळीचं होतं, ते त्यांनी चौदा ओळींचं केलं. पानाला 'अधोगामी तनुपृष्ठ' असं नाव दिलं. हेलकाव्याचं 'अनियत द्विदोलन' झालं. हवेचं काय करावं ते बराच काळ सुचेना. शेवटी तिला 'परिसर' म्हणून मोकळे झाले. खोटं एक अक्षर नव्हतं. शलाकाने तेवढी अट घातली होती.

पुढच्या माघात पुन्हा शुक्रवार आला. या वेळी पान नव्हतं, वर्तुळ नव्हतं, बकुलही फांदीवर नव्हता. पाटीवर विषय लिहिला होता, 'अधोगामी तनुपृष्ठांच्या अनियत द्विदोलनांचे परिसरसापेक्ष विवरण'. हे वाचूनच गवारे सरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागलं.

केसाळकर सर त्या दिवशी पावणेतीनलाच येऊन बसले होते. ते बुंध्याला टेकले नव्हते. आज त्यांनी मोहाची फुलं खाल्ली नाहीत, असं खानावळीतलं वानर सगळ्यांना सांगत होतं. पानांवर बोलणारी कुणीतरी येणार, एवढंच सरांच्या कानावर आलं होतं. पाटी त्यांना वाचता येत नव्हती, ती लांब होती.

शलाकाने सुरुवात केली. पहिलं वाक्य झालं. सरांनी कान टवकारले. दुसरं वाक्य झालं. सरांनी डोळे चोळले. तिसऱ्या वाक्याला त्यांनी मान झटकली, चौथ्याला स्वतःच्या पंजाला चावा घेतला. शलाकाला हे सगळं दिसत होतं. तिला वाटलं, आता थांबावं, खडू खाली ठेवावा आणि म्हणावं, सर, मी पानाबद्दल बोलतेय. तिने बकुलकडे पाहिलं. बकुल मान खाली घालून उभा होता. ती पाचवं वाक्य बोलली.

सरांनी बुंध्याला पाठ टेकली.

तासाभराने टाळ्या वाजल्या. सरांनी डोळे उघडले, कातळावरच्या चौदा ओळींकडे पाहिलं आणि थकलेल्या आवाजात विचारलं,

"आणि टोकाला काय होतं?"

मुलांनो, शलाकाला याचं उत्तर माहीत होतं. पानाच्या टोकाशीच हवेचा भोवरा सुटतो. तो सुटतो म्हणूनच पान कलतं. तिच्या साऱ्या कामाचा जीव त्या टोकात होता. एका वाक्यात सांगता आलं असतं.

तिचे काटे उभे राहिले आणि पुन्हा खाली बसले.

"सर, हा प्रश्न फार खोल आहे," ती म्हणाली. "त्यावर काम चालू आहे."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मागच्या रांगेतून कुणीतरी पुन्हा टाळ्या सुरू केल्या. चहाला दोन्ही माळढोक तिच्याजवळ आले. "काही समजलं नाही," ते आदराने म्हणाले.

निवड समितीची बैठक जांभई देण्याइतक्या वेळात संपली. मगरीने तोंड मिटलं, हे संमतीचं लक्षण समजण्यात आलं. चैत्रात शलाका कायम झाली. तिला टेकडीच्या पुढच्या अंगाला दगडी खोली मिळाली. खोलीला लाकडी दार होतं, दारावर तिचं नाव होतं. कालपर्यंत तिला 'ए साळिंदर' म्हणणारे आता 'शलाका मॅडम' म्हणू लागले. भावांनी डोंगरावरून कंद पाठवले.

तिला आनंद झाला का? झाला. पण तो दारावरच्या नावाइतकाच झाला. आत आला नाही.

वैशाखात एका दुपारी दारावर टकटक झाली. बाहेर केसाळकर सर उभे होते. त्यांच्या काखेत पानांची मोठी चळत होती.

"मॅडम, तुम्ही नवीन आहात, तुम्हाला कदाचित माहीत नसेल," सर दारातूनच म्हणाले. "गेल्या वर्षी सेमिनारला एक मुलगी आली होती. तुमच्यासारखीच, काटेवाली. पानांवर बोलली. ती आता कुठे असते, सांगू शकाल?"

शलाकाने दार पूर्ण उघडलं.

"तिला जागा मिळाली नाही," सर म्हणाले. "मी समितीत होतो. मला तिच्याबद्दल चांगलं बोलायचं होतं, पण नीट बोलता आलं नाही. ते राहून गेलं. आणि मला तिला एक विचारायचंही आहे."

"काय विचारायचंय?"

"मी वर्षभर पानं टाकतोय. घरामागे, कुणी नसताना. सागाचं पान वर्तुळात पडतं. पळसाचं पडतं. वडाचंही पडतं. पिंपळाचं पडत नाही. दीडशे पानं टाकली. एकही धड पडत नाही. माझंच काही चुकत असेल."

"तुमचं चुकत नाही, सर," शलाका म्हणाली. "पिंपळाच्या पानाला शेपटी असते."

सर जवळ आले. अगदी जवळ, नाकाला काटे लागतील इतके. त्यांनी तिला निरखून पाहिलं.

"तू आहेस होय," ते म्हणाले.

"हो, सर."

"मग परवा माघात कोण बोललं?"

"तेही मीच."

"विषय?"

"तोच. पान."

केसाळकर सर खाली बसले. पानांची चळत त्यांनी मांडीवर घेतली.

"मी फुलंसुद्धा खाल्ली नव्हती गं त्या दिवशी," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर. मला दिसत होतं." शलाका म्हणाली. "माझं चुकलं."

"तुझं कसलं चुकलं. मी इतक्या वर्षांत कुणाला धड बोलूच दिलेलं नाही." सरांनी चळतीतलं वरचं पान काढून तिच्यापुढे धरलं. ते पिंपळाचं होतं. "जाऊ दे. या शेपटीचं काय ते सांग."

बाहेर व्हरांड्यातून गवारे सर आणि दोन्ही माळढोक चालले होते. शुक्रवार होता. तीन वाजायला आले होते. बेहड्याखाली एक रानमांजर 'निर्वातातील निर्वात' या विषयावर बोलणार होतं आणि जांभळांचा हंगाम नुकता सुरू झाला होता.

शलाकाने उठून दार लावून घेतलं, कडी घातली आणि खडू हातात घेतला. मग जमिनीवर बसून, सरांना दिसेल इतक्या जवळ, तिने पिंपळाचं एक पान काढलं.

त्या दिवशी केसाळकर सर सूर्य कलेपर्यंत जागे होते. बेहड्याखालच्या रानमांजराला मात्र प्रश्न विचारायला कुणी उरलं नाही. त्याचा विषय खोल आहे की नाही, यावर विभागात अजून वाद चालू आहे.

तात्पर्य: मुलांनो, समजेल असं बोलण्यात काहीच गैर नाही. फक्त आधी नोकरी कायम होऊ द्यावी, आणि मग दाराला कडी घालून बोलावं.